'एव्हरलास्टिंग मोमेंट्स' कोणी पाहिलाय का? आईसोबत पाहिला, त्याबद्दल

गिरणाकाठ
मागच्या रविवारी दुपारी आईसोबत एक सिनेमा पाहिला, चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. स्वीडनचा आहे, २००८ चा, दिग्दर्शक यान त्रोएल. दोन तासांच्या वर आहे आणि म्हटलं तर त्यात काहीच होत नाही. म्हटलं तर खूप होतं, संप होतो, बॉम्ब फुटतो, महायुद्ध येतं, पण ते सगळं एका घराच्या आतून दिसतं, म्हणजे बाई चुलीपुढे आहे, पोरगं रडतंय आणि बाहेर जग बदलतंय असं.

गोष्ट थोडक्यात सांगते. १९०७ चा सुमार, मालमो नावाचं बंदराचं गाव. मारिया लार्सन नावाची बाई, नवरा गोदीत हमाल. तसा हसरा माणूस, घोड्यांवर जीव त्याचा, पण पिऊन आला की हात उचलणार, बाहेरचीही लफडी. मुलं एकामागून एक होत सात. ती लोकांकडे कामं करते, शिवणकाम करते. तिच्याकडे लॉटरीत लागलेला एक कॅमेरा असतो, कॉन्टेसा नावाचा, कधी न वापरलेला. संपात घरात खायला काही उरत नाही तेव्हा ती तो विकायला एका स्टुडिओत जाते. तिथला फोटोग्राफर पेडरसन तिला म्हणतो आधी वापरून तर बघा. आणि मग तो एक गोष्ट करतो ती मला विसरताच येत नाही. खिडकीच्या काचेवर एक फुलपाखरू फडफडत असतं, तो कॅमेऱ्याचं भिंग हातात धरतो आणि त्या फुलपाखराचं चित्र मारियाच्या तळहातावर उतरतं. हलणारं, जिवंत. ती बघतच राहते.

माझी आई त्या दिवशी पहाटेपासून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून दमलेली होती, मला वाटलं दहा मिनिटात डुलकी लागेल. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं मी जमेल तशी सांगत होते, थोड्या वेळाने म्हणाली राहू दे, कळतंय. तळहाताचा सीन आला तेव्हा मी म्हटलं आई फुलपाखरू बघ किती छान, तर म्हणे "फुलपाखरू नको देखू, तिना हात देख." मी मागे घेऊन परत लावला. हात खरंच बघण्यासारखा होता, कष्टाचा हात.

आता मला जे म्हणायचंय ते. कलावंतांवरच्या सिनेमात नेहमी काय होतं की कला म्हणजे घरातून सुटका, माणूस घर सोडतो, भांडतो, मग मोठा होतो. इथे तसं नाहीच. मारिया फोटो काढते ते भांडी झाल्यावर, पोरं झोपल्यावर, त्याच हातांनी, त्याच घरात. तिला कोणी कलाकार म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाही. पण बघायची नजर मात्र तिची एकटीची, ती नवऱ्याला घेता येत नाही की गरिबीलाही. आणि मला माझी आईच आठवली. आई गोधड्या शिवते, गल्लीतल्या निम्म्या घरात तिच्या गोधड्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एका गोधडीची अख्खी एक कड तिने उसवली, तीन दिवसांचं काम, कारण काय तर तिथला लाल तुकडा डोळ्याला टोचतो म्हणून. मी तेव्हा वैतागले होते, म्हटलं अगं अंगावर घ्यायची वस्तू आहे, कोण बघतंय. ती काही बोलली नाही, उसवत बसली. हे मला आता लागतंय.

तर कोणी पाहिलाय का हा? आणि तुमच्या घरात अशी कोणी होती का? लिहा.

नंदुरबारी
मी पाहिलाय बऱ्याच वर्षांपूर्वी. पहिला अर्धा तास मला जड गेला, मग कधी आत ओढला गेलो कळलं नाही. त्याचा उजेड आठवतो फक्त, सगळं तपकिरी पिवळसर, कंदिलाच्या काचेतून बघितल्यासारखं. त्रोएल स्वतःच कॅमेऱ्यामागे असतात हे नंतर कळलं, सिनेमात येण्याआधी ते शाळामास्तर होते आणि मूळचे त्या मालमोकडचेच.

गिरणाकाठ
हो, आणि मारिया खरी होती. त्रोएल यांच्या बायकोच्या नात्यातली. मारियाच्या मोठ्या मुलीकडून त्या बायकोनेच घरातल्या गोष्टी ऐकून लिहून ठेवल्या, त्यातून हा सिनेमा. म्हणून तो मुलीच्या तोंडून सांगितलाय. मुलीचं नाव माया. आईने विचारलं हे नाव तिकडे कसं गेलं, तर तिकडेही ते नाव आहेच.

कापूसवेचणी
मी पाहिलाय आणि मला राग आला होता, आजही आहे. तुम्ही लोक उजेड आणि फुलपाखरू बोलताय. तो माणूस तिच्या जिवावर उठतो, तुरुंगात जाऊन येतो आणि ती बाई परत त्याच घरात! पेडरसन एवढा चांगला माणूस समोर आहे, तिला समजून घेणारा, आणि ही परत फिरते. माझ्या मावशीने असंच आयुष्य काढलं, तिलाही सगळे म्हणायचे किती सोसलं बाईने, किती छान गाते बाई. मावशी गुलाबाईची गाणी म्हणायला लागली की सगळी आळी गोळा व्हायची, भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत रोज कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर तिला बोलावणं. पण रात्री घरात काय होतं ते त्याच आळीला माहीत होतं आणि एक माणूस आत गेला नाही. कलेने तिचं काय वाचवलं? मला हा प्रश्न पडतो आणि सिनेमा त्याचं उत्तर देत नाही.

गिरणाकाठ
ताई तुमचा राग बरोबर आहे, मी त्यावर रंग चढवणार नाही. मलाही तो भाग बघवला नाही. एकच म्हणेन, सिनेमा तिच्या परत जाण्याला थोर वगैरे म्हणत नाही. मायालाच ते कोडं सुटलेलं नाही, आई का राहिली हे तिला म्हातारपणीही कळलेलं नाही, आणि दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलंय. मला ते खरं वाटलं. आपल्या आयांबद्दल आपल्याला तरी कुठे कळतं. मावशींची गाणी कोणी लिहून ठेवली आहेत का?

कापूसवेचणी
नाही. मला सतरा-अठरा येतात, तीही अर्धवट. मधल्या ओळी गेल्या. एक जात्यावरचं होतं त्याची फक्त चाल राहिलीय माझ्याकडे, शब्द एकही नाही.

तापीपल्याड
हे वाचून गलबललं. ताई आज रात्रीच बसा आणि आठवतील तेवढ्या लिहा, अर्धवट असल्या तरी.

बहिणाबाईंचं हेच नव्हतं का. जन्म असोद्याचा, १८८० चा, अक्षरओळख नाही, ऐन तिशीत वैधव्य, जात्यावर बसल्या की, शेतात जाता येता, ओठावर येईल ते म्हणत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं म्हणून काही उरलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. म्हणजे त्यांनी स्वतःचं छापलेलं पान पाहिलंच नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण मी नेहमी विचार करतो की ज्या घरात सोपानदेव नव्हता त्या घरातलं काय झालं असेल, आणि तशी घरं किती असतील आपल्याकडे, यावल रावेर चोपडा, एकेका गावात.

दुसरं म्हणजे फैजपूर. आमच्या आजोबांनी लहानपणी १९३६ चं काँग्रेस अधिवेशन पाहिलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं आणि अट अशी की सगळं गावच्याच सामानाने करायचं. बांबू, चटया, गवत, बैलगाड्या. आजोबा सांगायचे, आम्ही बघायला गेलो आणि बघितलं तर आपल्याच खळ्यातलं सामान! पण असं काही मांडलेलं की आमची पणजी म्हणजे त्यांची आई घरी आल्यावर दारापुढे उभी राहून आपल्याच कुडाकडे बघत बसली. हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल. धाग्याचा विषय हाच आहे असं मला वाटतं, वस्तू तीच असते, कोणीतरी दाखवावं लागतं.

नंदुरबारी
वा. शेवटचा परिच्छेद परत वाचला.

धुळे_सहावीगल्ली
हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटतंय. आमचा स्टुडिओ होता धुळ्याला, आजोबांपासून, डिजिटल आल्यावर बंद केला. सिनेमा काल रात्री पाहिला तुमचं वाचून.

मारिया जे वापरते त्या काचा, म्हणजे फिल्म नाही, काचेच्या पट्टीवर जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षाराचा थर दिलेला असतो. त्या जुन्या काचांना लाल उजेड दिसत नाही, म्हणून लाल दिव्यात काम चालतं. म्हणून रात्री स्वयंपाकघरात सगळं बंद करून, एक लाल दिवा ठेवून हे जमायचं, वेगळी खोली लागतेच असं नाही. आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग पाणी, मग ते पक्कं करणारा हायपो, मग भरपूर धुणं आणि वाळवणं. धुण्यात कसर केली की दोन वर्षांत फोटो पिवळा पडणार. आजोबा म्हणायचे फोटोग्राफी म्हणजे अर्धं धुणंच आहे. आणि काचेवरून छापताना काच थेट कागदावर ठेवून उजेड द्यायचा, म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. ते छोटे फोटो तसे का असतात याचं कारण हे.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. कृष्णधवल फोटो रंगवून द्यायची पद्धत होती, लग्नाचे विशेषतः. काडीला कापूस गुंडाळायचा, रंग घ्यायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा, शालूचे काठ, कुंकू, गालावर थोडा गुलाबी. आमच्याकडचे सगळे फोटो आजी रंगवायची. सगळे! दुपारी जेवणं झाली की ओट्यावर उजेडात बसायची. गिऱ्हाईक विचारायचं शालू कोणत्या रंगाचा होता हे तुम्हाला कसं कळलं, तर आजी नवरीला आधी घरी बोलावून, चहा देऊन, विचारून घ्यायची, चिठ्ठीवर नाही, डोक्यात ठेवायची. मागे पुठ्ठ्यावर शिक्का आजोबांच्या नावाचा. धुळ्यात अजून कितीतरी घरात ते फोटो भिंतीवर असतील आणि त्यात आजीचा हात आहे हे घरातल्यांनाही माहीत नाही. मी तिसऱ्या पिढीचा, मलाही कधी वाटलं नाही की शिक्क्यावर तिचं नाव असायला हवं होतं. काल सिनेमा संपल्यावर वाटलं. आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली.

कापूसवेचणी
दादा, त्या रंगाच्या बाटल्या आहेत का अजून?

धुळे_सहावीगल्ली
बाटल्या नाहीत. एक बशी आहे, पांढरी, कड उडालेली, तिच्यात रंग कालवायची. गुलाबी डाग अजून गेलेला नाही. आमच्याकडे कोणी तिच्यात खात नाही, पण का ते कोणी बोलत नाही, बस वर ठेवलेली असते.

रेल्वेचं_चाळीसगाव
इथे केकी मूस यांचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही? चाळीसगाव स्टेशनजवळ त्यांचा बंगला आहे, 'रेम्ब्राँट्स रिट्रीट', आता तिथे त्यांचं काम बघायला मिळतं. जन्म १९१२, विलायतेला शिकून आले आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर पडले नाहीत असंच म्हणायला हवं, १९८९ च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेले. टेबलटॉप फोटोग्राफी ही त्यांची खासियत. टेबलावर घरातल्याच साध्या वस्तू मांडायच्या, उजेड असा लावायचा की बघणाऱ्याला वाटावं हा कुठल्यातरी डोंगरातला, नदीकाठचा खराखुरा देखावा आहे. आमच्या शाळेची सहल तिथे जायची, आणि मी सातवीत त्या फोटोंसमोर जो उभा राहिलो तो बाईंनी हात धरून ओढेपर्यंत.

सिनेमा बघताना मला सारखे मूस आठवले पण एक फरकही जाणवला, तो लिहितो. मूस यांच्याकडे एकांत होता. घर पूर्ण त्यांचं, रात्र पूर्ण त्यांची. मारियाकडे वेळ म्हणजे किती, पोरगं उठेपर्यंतचा. दोघं घरातच राहिले, दोघांनी घरातलंच टिपलं, पण एकाचं घर म्हणजे त्याचं जग होतं आणि दुसरीच्या घरात तिची स्वतःची एक खुर्ची पण नव्हती. मूस यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, कमी लेखत नाहीये. पण चाळीसगावात त्याच काळात किती मारिया असतील, त्यांचा बंगला कुठून येणार.

आणि तो मेलेल्या मुलीचा फोटो काढायचा प्रसंग, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही.

गिरणाकाठ
त्याबद्दल मुद्दाम लिहिलं नव्हतं. शेजारणीची मुलगी जाते आणि मारिया तिचा फोटो काढून देते, आईला ठेवायला. आमच्या घरी असा एक फोटो आहे, माझ्या थोरल्या काकांचा, दीड वर्षाचे असताना गेले ते. कधीच जिवंतपणी काढला नव्हता, गेल्यावर फोटोवाल्याला बोलावलं. आजीच्या पेटीत तळाला होता. सिनेमात तो प्रसंग आला तेव्हा आई उठून पाणी प्यायला गेली आणि दारातच उभी राहून पुढचं बघितलं, खाली बसली नाही. मला वाटतं मारियाला तिथे पहिल्यांदा कळतं की हे नुसतं हौसेचं नाही, आपल्याला जे येतं त्याची कोणाला तरी अन्नासारखी गरज आहे. हे मी याहून चांगलं नाही सांगू शकत.

धुळे_सहावीगल्ली
आजोबा असे फोटो काढायला जायचे तेव्हा पैसे घ्यायचे नाहीत. आणि ते रंगवायला आले तर आजी गालाला गुलाबी लावायची नाही, फक्त झबल्याला रंग.

तापीपल्याड
खापरावरच्या मांड्यांबद्दल एक लिहायचं राहिलं. माझी आई मांडे करते, चुलीवर खापर उपडं ठेवून. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, होतातच. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत घेत वाढवायचा, लाटणं नाही पोळपाट नाही, आणि तो रुमालाएवढा झाला की एका झटक्यात खापरावर. फाटला तर गेला. बाहेरचे पाहुणे व्हिडिओ काढतात आता. पण आई ज्याला चांगला म्हणते तो आम्हाला ओळखू येत नाही, आम्हाला सगळे सारखेच दिसतात. मागच्या आखाजीला एकच मांडा तिने बाजूला ठेवला, कोणाला वाढला नाही, थोडा वेळ नुसता बघितला आणि मग गाईला दिला. विचारलं तर म्हणाली आज जमला होता. मी तेव्हा हसलो होतो.

कापूसवेचणी
काल रात्री बसले. अकरा गाणी पूर्ण झाली, सहा अर्धी. धाकट्या बहिणीला फोन केला तर तिला मधल्या दोन ओळी येत होत्या ज्या मला येत नव्हत्या. जात्यावरच्या त्या गाण्याची चाल तिला गुणगुणून दाखवली तर ती रडायला लागली पण शब्द तिलाही आठवले नाहीत. आता आमच्या मामेबहिणीकडे पाचोऱ्याला जाणार आहे, ती मावशीच्या मांडीवर वाढलेली. माझा राग गेलेला नाही हे सांगून ठेवते.

गिरणाकाठ
राग जाऊही नये ताई. पण पाचोऱ्याला जाऊन आलात की इथे नक्की लिहा.

माझ्याकडून एक सांगायचंय. काल आई म्हणाली तो फुलपाखराचा सीन परत लाव. लावला. मग म्हणाली हे खरं होतं का सिनेमातच होतं? मी म्हटलं खरं होत असणार पण मला सांगता येईना कसं. दादा तुम्ही स्टुडिओवाले, घरी करता येईल का?

धुळे_सहावीगल्ली
येईल की. आईंचा चष्मा आहे ना वाचायचा? दुहेरी नको, साधा हवा. नंबर किती? अधिक दोनचा असेल तर दूरची वस्तू काचेपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे पन्नास सेंटिमीटरवर उमटते. शंभरला नंबराने भागायचं, तेवढे सेंटिमीटर. भर उन्हाची वेळ घ्या, खोलीतल्या बाकी खिडक्या आणि दारं बंद करा, एकच खिडकी उघडी ठेवा आणि तिच्यापासून आत लांब उभं राहा. एका हातात चष्मा, त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर तळहात किंवा पांढरं कापड. थोडं मागे पुढे केलं की चित्र स्वच्छ होतं. उलटं दिसणार, वरचं खाली, डावं उजवीकडे. हातात भिंग असेल तर आणखी ठळक येईल पण लहान.

गिरणाकाठ
झालं!! आत्ता दुपारी दीडला केलं. अंगणात खाटेवर पांढऱ्या लुगड्यावर बिबडे घातलेले होते, मागे निंबाचं झाड. मी चष्मा धरला आणि आईला म्हटलं हात धर. दोन-तीनदा मागे पुढे केलं आणि एकदम खाट उतरली तिच्या हातावर, उलटी, ते गोल गोल बिबडे पण दिसत होते, आणि वारा आला तर निंबाच्या फांद्या तिच्या बोटांवर हलत होत्या. आई काही बोलली नाही बराच वेळ. मग म्हणे "उलटं का बरं दिखस?" मी जमेल तसं सांगितलं, प्रकाशाचे किरण काचेतून जाताना एकमेकांना ओलांडतात वगैरे. तिने हात थोडा वाकडा केला, मग दुसरा हात घेतला, मग पदर घेतला. म्हणाली पदरावर रंग चांगला येतोय, हातावर तांबूस होतोय. मला हे दिसलंच नव्हतं.

मग एक कावळा आला खाटेवर आणि आम्ही दोघी आतून ओरडत बाहेर पळालो.

तापीपल्याड
आमच्या आईचा नंबर दीड आहे. किती अंतर धरायचं?

धुळे_सहावीगल्ली
सहासष्ट-सदुसष्ट सेंटिमीटर, वस्तू जवळ असेल तर आणखी जास्त. एकाने चष्मा धरा, दुसऱ्याने कापड. खापराखाली चूल पेटलेली असताना संध्याकाळी करून बघा, खोलीत पूर्ण अंधार ठेवून, जाळ उतरेल कापडावर.

तापीपल्याड
बाहेरच्या चुलीसमोरच खिडकी आहे. आखाजीची वाट नाही बघत, रविवारीच पेटवायला सांगतो.